चाळिशीला की पन्नाशीला? गोव्यातल्या मॅमोग्राफीचा हिशेब

ऑक्टोबर आला की गोव्यात स्तन तपासणीची शिबिरे लागतात. पंचायतीच्या सभागृहात, देवळाच्या अग्रशाळेत, महिला मंडळाच्या खोलीत गुलाबी फलक लागतो आणि तिशीतल्या मुलीपासून सत्तरीच्या आजीपर्यंत सगळ्यांना एकच निमंत्रण जाते: या, तपासून घ्या. हेतू चांगला आहे, त्याबद्दल शंका नाही. पण ही तपासणी सगळ्या वयांना सारखे फळ देत नाही, म्हणून निमंत्रणही सरसकट असू नये. माझ्या मते गोव्याने मॅमोग्राफीसाठी, म्हणजे स्तनाच्या क्ष-किरण तपासणीसाठी, आधी ५० ते ६९ वयाच्या बायकांना दर दोन वर्षांनी नावानिशी बोलवावे आणि जिच्या फिल्मवर संशय येईल तिच्या हातात बायोप्सीचा (संशयित जागेचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा) अहवाल पडेपर्यंत पाठ सोडू नये. चाळिशीतल्या बाईला मॅमोग्राफी हवी असेल तर ती मिळावी, मात्र आधी सगळे आकडे तिच्यासमोर ठेवून. आणि चाळिशीच्या आतल्या, काही त्रास नसलेल्या, घराण्यात हा रोग नसलेल्या मुलींची मॅमोग्राफी शिबिरात करूच नये.

इथे एक भेद आधीच सांगायला हवा. स्क्रीनिंग म्हणजे ज्या बाईला काहीही होत नाही तिची तपासणी. जिच्या हाताला गाठ लागली आहे, स्तनाग्र अलीकडे आत ओढले गेले आहे, त्यातून आपोआप रक्ताळ किंवा पाण्यासारखा स्राव येतो, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली आहे किंवा काखेत गाठ आहे, तिला वयाची ही चर्चा लागूच नाही. ती अठ्ठावीस वर्षांची असो की अठ्ठ्याऐंशीची, तिने त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जायला हवे. ‘दुखत नाही, म्हणजे साधी असेल’ ही समजूत फार घात करते. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

आता फिल्मकडे वळू, कारण वयाचा सगळा वाद तिथूनच सुरू होतो. मॅमोग्राफीत यंत्राची तबकडी आणि वरची प्लॅस्टिकची पट्टी यांच्यामध्ये स्तन काही सेकंद दाबला जातो. हा दाब कितीही नकोसा वाटला तरी तो लागतो. त्याने आतले थर पसरतात, एकमेकांवर आलेल्या सावल्या सुट्या होतात, चित्र हलत नाही आणि क्ष-किरणही कमी पुरतात. प्रत्येक बाजूची दोन चित्रे निघतात, एक वरून खाली आणि एक तिरके. तिरक्या चित्रात छातीच्या स्नायूची पाचर स्तनाग्राच्या पातळीपर्यंत उतरलेली दिसायला हवी आणि खालची घडीही दिसायला हवी. ती दिसत नसेल तर काखेकडचा खोल भाग चित्राबाहेर राहिला असे समजावे, आणि सर्वांत जास्त कॅन्सर वरच्या बाहेरच्या चतकोरातच होतात. तपासणीच्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नये, कारण त्याचे कण फिल्मवर कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात आणि बाईला विनाकारण परत बोलवावे लागते. पाळी येत असेल तर पाळीनंतरचा आठवडा बरा, दुखणे कमी होते. जुन्या फिल्म असतील तर त्या हमखास न्याव्यात. पाच वर्षांपूर्वी होती तशीच असलेली सावली आणि नव्याने उगवलेली सावली यांत फरक ओळखायला दुसरा मार्ग नाही.

फिल्मवर चरबी काळपट दिसते आणि दुधाच्या ग्रंथींचा भाग पांढरा. कॅन्सरही पांढराच दिसतो. तरुण वयात स्तन ग्रंथींनी भरलेला असल्यामुळे पांढऱ्यात पांढरे शोधावे लागते. पाळी गेल्यावर ग्रंथी हळूहळू आक्रसतात, त्यांची जागा चरबी घेते आणि काळ्यावर पांढरा डाग उठून दिसतो. काही बायकांचा स्तन साठीतही दाट राहतो, हे खरे. पण एकूण कल असा आहे की वय वाढते तसा रोगही वाढतो आणि तो टिपण्याची फिल्मची ताकदही वाढते. वयाची रेषा कुठे ओढायची हा प्रश्न या दोन गोष्टींमुळे उभा राहतो.

आकडे मांडून पाहू. समजा, हजार बायकांची तपासणी झाली आणि त्यांच्यात दोघींना खरोखर कॅन्सर आहे. दोघीही सापडल्या असे धरू. उरलेल्या ९९८ निरोगी बायकांपैकी शेकडा पाच जणींच्या फिल्मवर काहीतरी संशयास्पद दिसते, म्हणजे सुमारे पन्नास. एकूण ५२ जणींना बोलावणे गेले, त्यांत रोग दोघींना. आता जास्त वयाच्या हजार बायका घ्या, ज्यांच्यात सहा जणींना रोग आहे. पाच सापडल्या, एक सुटली. खोटे इशारे पुन्हा पन्नासच. या वेळी ५५ जणींच्या बोलावण्यात पाच खऱ्या निघाल्या. खोट्या इशाऱ्यांचा आकडा जागचा हलला नाही, कारण तो निरोगी बायकांतून निघतो. रोग जितका विरळ, तितक्या जास्त बायकांना एका खऱ्या रुग्णासाठी ही धास्ती सोसावी लागते.

परदेशातले आकडे गोव्याला लावताना म्हणूनच जपायला हवे. वयाचा हिशेब जुळवून पाहिले तर ब्रिटनमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे प्रमाण भारताच्या तिपटीहून जास्त आहे. भारतात शहरांत ते खेड्यांपेक्षा बरेच अधिक असते, त्यामुळे गोव्यासारखे शहरी वळणाचे राज्य देशाच्या सरासरीच्या वर असणार असे मी धरून चालते. तरीही ब्रिटनमधला फायदा इथे पुरता मिळणार नाही. खोटे इशारे मात्र पुरते मिळतील.

वयानुसार फायदा कसा बदलतो याचा सर्वांत बोलका हिशेब अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने २००९ मध्ये मांडला होता. जुन्या चाचण्या एकत्र करून त्यांनी काढले की एक मृत्यू टाळण्यासाठी चाळिशीतल्या सुमारे १९०० बायकांना तपासणीला बोलवावे लागते, पन्नाशीतल्या सुमारे १३४० आणि साठीतल्या सुमारे ३८०. चाळिशीत आणि साठीत पाचपट अंतर आहे. त्याच गटाने २०२४ मध्ये शिफारस बदलली आणि दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी ४० व्या वर्षापासूनच सुरू करा असे सांगितले. आपल्याकडे शिबिरवाले हाच नवा आकडा पुढे करतात. ती शिफारस अमेरिकेतल्या रोगाचे प्रमाण पाहून केलेली आहे, हे मात्र सांगायचे राहते. ब्रिटन आजही ५० ते ७१ या वयातच दर तीन वर्षांनी बोलावते.

चाळिशीच्या बाजूचा पुरावा कमी लेखायचे कारण नाही. ब्रिटनमध्ये सुमारे १ लाख ६१ हजार बायकांवर खास याच प्रश्नासाठी चाचणी झाली. काही जणींना ४० च्या सुमारास सुरू करून ४८ व्या वर्षापर्यंत दरवर्षी मॅमोग्राफी दिली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात पहिल्या दहा वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे पाव हिश्शाने कमी झालेले दिसले. पाव हिस्सा ऐकायला मोठा वाटतो. प्रत्यक्षात तो साधारण हजार बायकांमागे एक मृत्यू इतका आहे. पण वाचलेली बाई पंचेचाळीस वर्षांची असते, घरात शिकणारी मुले असतात, तिला मिळालेली वर्षेही जास्त असतात. हे वजन मी कमी मानत नाही, आणि म्हणूनच चाळिशीतल्या बाईला नाही म्हणू नये असे म्हणते. तिला बोलवून आणणे आणि तिने मागितल्यावर देणे, यांत फरक आहे. अमेरिकेत चाळिशीला सुरुवात करून दरवर्षी तपासणी करणाऱ्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींना दहा वर्षांत एकदा तरी खोटा इशारा मिळतो, ही गोष्ट तिला आधी कळायला हवी.

‘पण आपल्याकडे हा रोग तरुण वयातच होतो ना?’ हा प्रश्न हमखास येतो आणि त्याचे उत्तर नीट द्यायला हवे, कारण वयाची रेषा खाली ओढण्याचे ते सर्वांत मोठे कारण बनले आहे. भारतातल्या रुग्णांचे सरासरी वय पाश्चात्त्य देशांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी कमी भरते, हे खरे आहे. पण त्याचा मोठा भाग लोकसंख्येच्या रचनेतून येतो. देशात चाळिशीतल्या बायकाच साठीतल्यांपेक्षा खूप जास्त असतील, तर रुग्णांतही चाळिशीतल्या जास्त दिसणारच. एकेका बाईचा धोका पाहिला तर तो आपल्याकडेही चाळिशीपेक्षा पन्नाशीत आणि साठीत जास्तच आहे. त्यात गोव्याची रचना उरलेल्या देशासारखी नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढच्यांचे प्रमाण ८.६ टक्के होते, गोव्यात ११.२ टक्के. त्यानंतर मुले आणखी कमी झाली, तरुण बाहेरगावी गेले, घराघरांत म्हातारी माणसे उरली. ज्या राज्यात पन्नाशी-साठीच्या बायका इतक्या आहेत, तिथे त्यांना मागे ठेवून तिशीच्या मुलींची रांग लावणे मला पटत नाही.

सगळ्यात कमी बोलला जाणारा तोटा म्हणजे अतिनिदान. फिल्मवर सापडलेले काही कॅन्सर इतके संथ असतात की त्यांनी त्या बाईला आयुष्यात कधी त्रास दिला नसता. विशेषतः दुधाच्या नळीच्या आतच राहिलेले, कॅल्शियमच्या बारीक ठिपक्यांवरून सापडणारे. ते खरेच कॅन्सर असतात, निदान चुकीचे नसते. अडचण अशी की यातला कोणता वाढेल आणि कोणता तसाच पडून राहील, हे आज कोणालाही सांगता येत नाही. म्हणून सगळ्यांवरच उपचार होतात: शस्त्रक्रिया, काही आठवड्यांची रेडिएशन, पाच वर्षे गोळ्या, काही जणींना हाताला कायमची सूज. ब्रिटनच्या स्वतंत्र समितीने २०१२ मध्ये अंदाज दिला की ५० व्या वर्षापासून २० वर्षे बोलावलेल्या १० हजार बायकांत ४३ मृत्यू टळतात आणि १२९ जणींना असे अतिनिदान होते. म्हणजे एक वाचते तेव्हा तिघींवर गरज नसलेले उपचार होतात. कॅनडाच्या चाचणीत २५ वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही मृत्यूंत फरक दिसला नाही, आणि तिच्या पद्धतीवर अजून वाद चालू आहेत. सगळे वाद जमेस धरूनही पन्नाशी-साठीत फायद्याचे पारडे जड आहे असे माझे मत आहे. पण ते मत बाईच्या वतीने परस्पर ठरवून टाकण्याचा अधिकार शिबिराला नाही. एक जीव वाचण्यासाठी आपण स्वतः हा धोका पत्करायचा का, याचे उत्तर दोन शहाण्या बायका वेगवेगळे देऊ शकतात.

क्ष-किरणांची भीती मात्र प्रमाणाबाहेर आहे. एका मॅमोग्राफीचा डोस निसर्गातून काही आठवड्यांत मिळतो तेवढाच असतो. अमेरिकेतल्या एका गणिती अंदाजानुसार ४० ते ७४ या वयात दरवर्षी तपासणी झालेल्या १ लाख बायकांत किरणांमुळे १६ मृत्यू होतील आणि तपासणीमुळे ९६८ टळतील. वय जितके कमी, तितका हा धोका वाढतो, एवढे लक्षात ठेवावे.

मॅमोग्राफीची यंत्रे आणि फिल्म वाचणारे रेडिऑलॉजिस्ट सगळ्या गावांना पुरणार नाहीत, तर मग काय? याचे आपल्या मातीतले उत्तर मुंबईने दिले आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजारांहून अधिक बायकांवर चाचणी केली. निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. रोग कमी वाढलेल्या अवस्थेत सापडू लागला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत लक्षणीय घट दिसली नाही. यंत्र नाही, किरण नाहीत, फक्त हात, आणि तरीही वयाची रेषा पुन्हा पन्नाशीलाच आली. गोव्यात धोरण आखणाऱ्यांनी हा निष्कर्ष समोर ठेवूनच बसावे.

राष्ट्रीय कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची हाताने तपासणी दर पाच वर्षांनी करायची असे ठरलेले आहे. कागदावर ते आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांत एकीचीही अशी तपासणी कधी झालेली नव्हती. हाताने तपासणे म्हणजे वरवर चाचपणे नव्हे. मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, बोटे न उचलता, गळ्याच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीच्या खालपर्यंत उभ्या पट्ट्या घेत जायचे. प्रत्येक जागी हलका, मध्यम आणि खोल असे तीन दाब द्यायचे, मग काख आणि गळ्याच्या हाडावरचा खळगा पाहायचा. एका बाजूला किमान दोन-तीन मिनिटे लागतात. ज्या शिबिरात दुपारपर्यंत दोनशे बायका ‘झाल्या’, तिथे हे झालेले नाही.

स्वतःच्या हाताने दर महिन्याला तपासणी करा, असा सल्लाही दिला जातो. शांघायमध्ये कापड गिरण्यांतल्या २ लाख ६६ हजार बायकांवर याची चाचणी झाली. मृत्यू कमी झाले नाहीत, साध्या गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. आपल्या शरीराची ओळख असावी आणि बदल दिसला की दाखवावे, एवढेच पुरे. महिन्याची परीक्षा लावून बाईला धास्तीत ठेवू नये.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ उपक्रमात हातात धरण्याच्या यंत्राने एक लाख बायकांची तपासणी करण्याचे लक्ष्य होते. ते यंत्र स्तनातला कठीणपणा मोजते, किरण वापरत नाही, आरोग्यसेविका ते गावात नेऊ शकते. एवढ्या बायका पहिल्यांदाच तपासणीला घराबाहेर पडल्या, हे त्याचे मोठे श्रेय आहे. पण अशा यंत्राने मृत्यू कमी होतात हे कोणत्याही मोठ्या चाचणीने दाखवलेले नाही. मॅमोग्राफीची जागा ते घेऊ शकत नाही, पुढे कोणाला पाठवायचे एवढेच सांगू शकते. उष्णता मोजणाऱ्या कॅमेऱ्यांचेही तेच. ‘यंत्राने काही नाही म्हटले’ म्हणून हाताला लागणारी गाठ घेऊन घरी बसलेली बाई, हा या यंत्रांचा खरा धोका आहे.

आणि आता या विषयातला सर्वांत दुखरा भाग. तपासणी हा साखळीचा पहिला दुवा असतो आणि गोव्यात साखळी तुटते ती दुसऱ्या-तिसऱ्या दुव्यावर. सत्तरी तालुक्यातल्या किंवा काणकोणातल्या बाईला फिल्मवर संशय निघाला. मग सोनोग्राफी, मग बायोप्सी, मग तिचा अहवाल, आणि प्रत्येक वेळी बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजची वाट. एकेका फेरीला कदंबच्या दोन बस, एक दिवसाची मजुरी आणि घरात कोणाला तरी विचारणे. तीन फेऱ्यांत बाई थकते. सोनोग्राफी आणि बायोप्सी एकाच दिवशी, म्हापशाच्या आझिलोत किंवा मडगावच्या हॉस्पिसियोत, म्हणजे जिल्हा रुग्णालयात, जवळच्या जवळ झाली, तर दोन फेऱ्या वाचतात.

बायोप्सीही रीतसर हवी. सुईने नुसत्या पेशी ओढून भागत नाही. जाड सुईने, सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली, तुकडे काढावे लागतात, कारण त्यांवरच ईआर, पीआर (कॅन्सर हार्मोनांवर वाढतो का) आणि हर-२ (वाढीला चालना देणारे प्रथिन जास्त आहे का) या तपासण्या होतात आणि उपचार त्यांवरून ठरतात. ‘गाठच काढून टाकू, मग पाठवू’ म्हणत छोट्या दवाखान्यात आधी चिरफाड केली की पुढच्या शस्त्रक्रियेचा आराखडा बिघडतो. आणि बरणी पाहा. काढलेला तुकडा तासाभरात १० टक्के फॉर्मेलिनमध्ये गेला पाहिजे, तुकड्याच्या दहापट द्रावणात, आणि तिथे ६ ते ७२ तास राहिला पाहिजे. हाताशी आहे म्हणून सलाइनच्या बाटलीत घालून, शनिवार-रविवार टेबलावर ठेवून, सोमवारी नातेवाइकाच्या पिशवीतून पाठवलेला तुकडा कुजतो. मग ईआर खोटा ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो आणि ज्या स्वस्त गोळ्यांनी बाई वर्षानुवर्षे जगली असती, त्या तिला लिहूनच दिल्या जात नाहीत. तपासणीचे वय चाळीस असो की पन्नास, या बरणीपुढे दोन्ही सारखेच.

‘एक जीव वाचला तरी पुरे, मग सगळ्यांना बोलवा’ असे म्हणणाऱ्यांना माझे हेच उत्तर आहे. रेडिऑलॉजिस्टचा दिवस तेवढाच असतो. शिबिरातून आलेल्या पस्तिशीतल्या निरोगी मुलींच्या पन्नास सोनोग्राफी त्या दिवसात बसवल्या, तर हाताला गाठ लागलेली पंचावन्न वर्षांची बाई पुढच्या महिन्यावर जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ठरवलेले ध्येय असे आहे: बाई लक्षण घेऊन आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे आणि किमान ८० टक्के बायकांचे उपचार पूर्ण व्हावेत. गोव्यासारखे छोटे राज्य हे गाठू शकते. मोठ्या राज्यांना ते सोपे नाही, आपल्याला आहे.

दोन गटांना यातून वेगळे ठेवावे. आई, बहीण किंवा मुलगी यांना लहान वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला आहे, घराण्यात बीआरसीए जनुकाचा (या कॅन्सरचा धोका खूप वाढवणारा) दोष आहे, किंवा तरुणपणी छातीला रेडिएशन मिळाले आहे, अशांनी पन्नाशीची वाट पाहू नये. त्यांना तिशीच्या आगेमागेच एमआरआयसह वेगळी तपासणी लागते आणि ती शिबिरात होत नाही. वडिलांकडचा इतिहासही विचारावा, तो विचारायचा राहून जातो. दुसरा गट सत्तरीपुढच्यांचा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर नव्याने स्क्रीनिंग सुरू करण्यात फायदा कमी आणि अतिनिदान जास्त. पण मुले मुंबईला किंवा आखातात आणि आई गावात एकटी, तिला गाठ लागली तर ‘आता या वयात काय’ म्हणून ती झाकून ठेवली जाते. स्क्रीनिंगला वरची वयोमर्यादा आहे, उपचाराला नाही.

उद्यापासून काय बदलता येईल? प्रत्येक आरोग्य केंद्राने मतदार यादीवरून आपल्या भागातल्या ५० ते ६९ च्या बायकांची यादी करावी. किती बायका तपासल्या या एकाच आकड्याऐवजी संशय निघालेल्या प्रत्येकीपुढे चार तारखा लिहाव्यात: तपासणीची, परत बोलावल्याची, बायोप्सीची, पहिल्या उपचाराची. निमंत्रणासोबत कोकणी आणि मराठीत एक पान द्यावे, ज्यावर फायदा आणि तोटा दोन्ही हजारांच्या हिशेबात लिहिलेले असतील. आणि ऑगस्टमध्ये परत बोलावलेली बाई बहुधा म्हणेल, ‘चवथ झाली की येते.’ तिला घाई करून उपयोग नाही, घरात गणपती असतो. सेविकेने विसर्जनानंतरच्या आठवड्यातली तारीख आणि वार तिच्यासमोरच कागदावर लिहून द्यावा, आणि त्या दिवशी दुपारपर्यंत ती आली नाही तर तिला फोन करावा.